अष्ठीला मूत्रमार्ग

अष्ठीला मूत्रमार्ग : पुरुषाच्या मूत्रमार्गाचा जो भाग अष्ठीला ग्रंथीच्या (प्रोस्टेट ग्रंथीच्या) आरपार जातो त्याला ‘अष्ठीला मूत्रमार्ग’ म्हणतात. मूत्राशयाच्या ग्रीवेपासून (मानेसारख्या निमुळत्या भागापासून) निघालेला मूत्रमार्ग ग्रंथीच्या वरच्या, रुंद भागात म्हणजे तळात शिरतो आणि खालच्या निमुळत्या टोकातून म्हणजे अग्रातून बाहेर पडतो. या भागाची लांबी ३ ते ४ सेंमी. असते. प्रौढ पुरुषाच्या मूत्रमार्गाची एकूण लांबी १८ ते २० सेंमी. असल्यामुळे तिच्या मानाने हा भाग लहानच होय. तरीही मूत्रोत्सर्जन तंत्र (मूत्र तयार करून बाहेर टाकणारी इंद्रियसंहती) व प्रजोत्पादन तंत्र यांचे मार्ग ज्या ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण हेच आहे. येथपर्यंत मूत्रमार्ग केवळ मूत्राचा असतो. येथून पुढे तो मूत्र व वीर्य या दोहोंचा सामाईक मार्ग बनतो. शिवाय चोहोबाजूंनी ग्रंथीने वेढलेला असल्यामुळे ग्रंथीत होणाऱ्या प्रत्येक फेरबदलाचा परिणाम या मार्गावर होतो. उतारवयातील पुरुषांना लघवीस होणारा त्रास, काही नवजात मुलग्यांमध्ये आढळणारा मूत्रावरोध आणि मूत्रमार्गातून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया या सर्वांचा उलगडा या तीन-चार सेंटिमीटरांच्या रचनेवरून होतो.

नाव व पूर्वेतिहास : ‘अष्ठीला’ या संस्कृत शब्दाचा अर्थ वाटोळा दगड किंवा गोटा असा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या (मूत्र अडण्याच्या विकारांच्या) प्रकारांत ‘वाताष्ठीला’ या विकाराचे वर्णन आहे. बस्ती (मूत्राशय) व गुद यांच्या दरम्यान गोट्यासारखी कठीण, वर उचललेली गाठ उत्पन्न होऊन मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो, असे त्या वर्णनाचे सार आहे. त्यावरून आजच्या अर्थाने ग्रंथीची रचना त्या काळी माहीत होती असे म्हणता येत नाही. परंतु गाठीचे स्थान व लक्षणे यांच्या साम्यामुळे आधुनिक परिभाषेत ग्रंथीला हे नाव शोभून दिसते. ‘प्रोस्टेट’ हा शब्द ‘पुढे उभा राहणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले ग्रंथीचे स्थान त्यातून सूचित होते. यूरोपात नीक्कोलो मास्सा या व्हेनिसच्या वैद्याने १५३६ मध्ये या ग्रंथीचे वर्णन केले आणि आंड्रेआस व्हेसेलियस यांनी १५३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीर चित्रांत ती दाखविली.

स्थान व संबंध : सोयीसाठी पुरुषाच्या मूत्रमार्गाचे चार विभाग मानतात. पहिला, मूत्राशयाच्या भित्तीतून जाणारा सु. १ सेंमी. लांबीचा अष्ठीलापूर्व भाग. दुसरा, प्रस्तुत अष्ठीला भाग. तिसरा, श्रोणीच्या (ओटीपोटाच्या पोकळीच्या) तळाच्या स्नायूंमधून जाणारा दीड ते दोन सेंमी. लांबीचा कलामय भाग. आणि चौथा, शिश्नातील स्पंजासारख्या ऊतकातून (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहातून) जाणारा सु. १५ सेंमी. लांबीचा भाग.

अष्ठीला ग्रंथी आकाराने साधारण अक्रोडाएवढी असून तळाशी तिची रुंदी सु. ४ सेंमी., उंची सु. ३ सेंमी. व पुढून मागे जाडी सु. २ सेंमी. असते. तिच्यापुढे जघनास्थींचा (ओटीपोटाच्या पुढील हाडांचा) सांधा, मागे गुदांत्र (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) व वर मूत्राशय असतो. गुदांत्र व ग्रंथी यांमध्ये केवळ पातळ पडदा असल्यामुळे गुदद्वारातून बोट घालून ग्रंथीचा मागील पृष्ठभाग चाचपता येतो. मूत्रमार्ग मात्र ग्रंथीच्या मध्यातून न जाता पुढच्या पृष्ठभागाच्या अधिक जवळून जातो. म्हणून ग्रंथीतील स्रावक ऊतकाचा बहुतेक भाग मूत्रमार्गाच्या मागे व दोन्ही बाजूंस असतो, तर पुढच्या बाजूस प्रामुख्याने तंतू व स्नायू असतात.

आकार व दिशा : अष्ठीला मूत्रमार्ग हा संपूर्ण मूत्रमार्गातील सर्वांत रुंद व सर्वांत जास्त ताणला जाऊ शकणारा भाग आहे. तो चातीसारखा, म्हणजे मध्ये फुगीर व दोन्ही टोकांस किंचित निमुळता असतो. त्याचा मार्ग सरळ नसून मध्यावर तो पुढच्या बाजूस सु. ३५° इतका वळतो. या वळणामुळे त्याचे वरचा अर्धा (समीपस्थ) व खालचा अर्धा (दूरस्थ) असे दोन भाग पडतात. हे भाग केवळ वर्णनाच्या सोयीचे नाहीत. त्यांच्याभोवतीचे ऊतक, स्नायू व त्यांना होणारे विकार यांतही फरक असतो.

मूत्र वाहत नसताना मूत्रमार्गाच्या पुढच्या व मागच्या भित्ती एकमेकींस चिकटलेल्या असतात. आडवा छेद घेतल्यास पोकळी वर्तुळाकार न दिसता चंद्रकोरीसारखी दिसते आणि कोरीची फुगीर बाजू पुढे असते. मागच्या भित्तीवर असलेला उभा उंचवटा पोकळीत पुढे आलेला असल्यामुळे तिला हा आकार प्राप्त होतो.

मागील भित्तीची रचना : अष्ठीला मूत्रमार्गाची वैशिष्ट्ये मुख्यतः त्याच्या मागील भित्तीवर आढळतात. या भित्तीच्या मध्यरेषेवर श्लेष्मकलेचा (बुळबुळीत अस्तराचा) व तिच्याखालील ऊतकाचा एक उभा कंगोरा असतो. त्याची लांबी १५ ते १७ मिमी. व उंची सु. ३ मिमी. असते. कंगोऱ्याच्या दोन्ही बाजूंस उथळ पन्हळी असतात, त्यांना ‘अष्ठीला कोटरे’ म्हणतात. ग्रंथीच्या १५ ते २० स्रावनलिकांपैकी बहुतेकांची सूक्ष्म छिद्रे या पन्हळींच्या तळाशी उघडतात.

कंगोऱ्याच्या मध्यावर, मूत्रमार्ग जेथे वळतो तेथेच, एक लहान गोलसर टेकाड असते. त्याला ‘शुक्र-उंचवटा’ (व्हेरुमाँटॅनम) म्हणतात. त्याच्या माथ्यावर उभ्या फटीसारखे एक छिद्र असून ते ‘अष्ठीला लघुकोश’ नावाच्या सु. ६ मिमी. लांबीच्या, आंधळ्या (दुसरे टोक बंद असलेल्या) पिशवीचे तोंड होय. या तोंडाच्या दोन्ही कडांशी किंवा किंचित आत उजव्या व डाव्या स्खलन नलिकांची छिद्रे असतात. वृषणाकडून आलेली रेतोवाहिनी व शुक्राशयाची नलिका यांच्या संयोगाने प्रत्येक स्खलन नलिका तयार होते आणि जवळजवळ २ सेंमी. ग्रंथीतून तिरकस उतरून ती येथे उघडते. शुक्राणूंचा मूत्रमार्गात प्रवेश होतो तो येथेच.

सूक्ष्म रचना : मूत्राशयाचे अस्तर ज्या अधिस्तराचे (पृष्ठभाग झाकणाऱ्या कोशिकांच्या थराचे) असते त्याच प्रकारचा, ताण पडताच पसरणारा संक्रमणी अधिस्तर अष्ठीला मूत्रमार्गात स्खलन नलिकांच्या छिद्रांपर्यंत आढळतो. त्याखाली स्तंभाकार कोशिकांचा अधिस्तर सुरू होतो. अस्तराखाली लवचिक तंतू व नीलांचे (अशुद्ध रक्तवाहिन्यांचे) जाळे असते आणि त्याबाहेर अरेखित (इच्छेच्या ताब्यात नसलेल्या) स्नायूंचे थर असतात. मूत्राशयातील काही प्रकारचे कर्करोग संक्रमणी अधिस्तरापासून उद्भवतात. त्याच अधिस्तराचे सातत्य येथे असल्यामुळे ते कधीकधी अष्ठीला मूत्रमार्गातही आढळतात व तपासणीच्या वेळी या भागाकडे लक्ष द्यावे लागते.

परिसंकोची स्नायू : मूत्रमार्ग आवळून बंद करणारे दोन परिसंकोची स्नायू या भागाच्या वरच्या व खालच्या टोकांशी असतात. मूत्राशयाच्या ग्रीवेभोवती व अष्ठीला मूत्रमार्गाच्या वरच्या अर्ध्या भागाभोवती अरेखित स्नायुतंतूंचे कडे असते, तो अंतःपरिसंकोची होय. त्याला अनुकंपी तंत्रिका (स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या एका विभागातील मज्जातंतू) पुरवठा करतात. ग्रंथीच्या अग्राखाली, कलामय भागाभोवती, रेखित (ऐच्छिक) तंतूंचा बाह्यपरिसंकोची असतो. त्याचा पुरवठा मेरुरज्जूच्या (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या) दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांतून निघणाऱ्या तंत्रिकेकडून होतो. बाह्यपरिसंकोचीचे काही तंतू ग्रंथीच्या पुढील पृष्ठभागावरही पसरलेले असतात. शुक्र-उंचवटा या दोन स्नायूंमधील सीमाचिन्हासारखा आहे. त्याचे व्यावहारिक महत्त्व पुढे शस्त्रक्रियेच्या विवेचनात दिसून येईल.

ग्रंथीचे विभाग : अष्ठीला ग्रंथीचे पाच खंड मानण्याची पद्धत ऑस्वल्ड लोझ्ली यांच्या १९१२ मधील गर्भविषयक अभ्यासावरून रूढ झाली होती. परंतु प्रौढाच्या ग्रंथीत हे खंड स्पष्टपणे वेगळे करता येत नाहीत. जॉन मॅक्‌नील या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांनी १९६८ ते १९८१ या काळातील अभ्यासात मूत्रमार्ग हाच संदर्भ मानून ग्रंथीचे विभाग केले व आता तेच सर्वत्र मान्य आहेत. ग्रंथीच्या कोणत्या भागाच्या नलिका मूत्रमार्गात कोठे उघडतात, यावर ही विभागणी आधारलेली आहे.

परिघीय विभाग हा स्रावक ऊतकाच्या सु. ७० टक्के असून ग्रंथीच्या मागच्या व बाजूच्या भागांत पसरलेला असतो. त्याच्या नलिका शुक्र-उंचवट्यापासून अग्रापर्यंत खालच्या अर्ध्या मूत्रमार्गात उघडतात. मध्य विभाग सु. २५ टक्के असून स्खलन नलिकांभोवती असतो व त्याच्या नलिका शुक्र-उंचवट्यावर त्या नलिकांच्या छिद्रांजवळ उघडतात. संक्रमणी विभाग तरुणपणी केवळ ५ टक्के असतो. तो वरच्या अर्ध्या मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंस, अंतःपरिसंकोचीच्या लगत बाहेर असतो. पुढच्या बाजूचा चौथा भाग तंतू व स्नायू यांचा असून त्यात ग्रंथी नसतात. आकाराने सर्वांत लहान असलेला संक्रमणी विभागच उतारवयात वाढतो, तर कर्करोगांपैकी सु. ७० टक्के परिघीय विभागात उद्भवतात. एकाच इंद्रियातील या दोन व्याधींची जन्मस्थाने वेगळी असल्यामुळे त्यांची लक्षणेही वेगवेगळ्या क्रमाने प्रकट होतात.

रक्तपुरवठा व तंत्रिका : या भागास मुख्यत्वे अधोमूत्राशय रोहिणीच्या शाखांकडून रक्त मिळते. त्यांपैकी मूत्रमार्गीय शाखा मूत्राशयाच्या ग्रीवेशी मागील बाजूने, घड्याळाच्या तबकडीवरील ५ व ७ या आकड्यांच्या जागी आत शिरतात. नीलांचे जाळे ग्रंथीच्या पुढे व बाजूंस असून मेरुदंडाच्या (पाठीच्या कण्याच्या) नीलांशी त्याचा संबंध असतो. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलेला हा संबंध कर्करोगाचा प्रसार कण्याच्या मणक्यांत का होतो, याचे एक स्पष्टीकरण मानला जातो. शिश्नाच्या ताठरतेस आवश्यक असलेल्या तंत्रिका ग्रंथीच्या दोन्ही कडांशी मागील बाजूस रक्तवाहिन्यांसह जुडग्यांच्या स्वरूपात जातात. पॅट्रिक वॉल्श व पीटर डोंकर यांनी १९८२ मध्ये त्यांचा मार्ग निश्चित केला. त्यापूर्वी कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढल्यावर ताठरता जाणे जवळजवळ अटळ मानले जाई. त्यानंतर शक्य असेल तेथे ही जुडगी राखून शस्त्रक्रिया करता येऊ लागली.

गर्भावस्थेतील विकास : अष्ठीला मूत्रमार्ग गर्भातील मूत्रजनन कोटराच्या श्रोणीय भागापासून बनतो. मागच्या भित्तीचा वरचा भाग बनताना मध्यवृक्क नलिका (जिच्यापासून पुरुषात रेतोवाहिनी व शुक्राशय बनतात) कोटरास येऊन मिळते व स्खलन नलिकांची छिद्रे तिच्या प्रवेशस्थानाची खूण म्हणून राहतात. गर्भाच्या वृषणांनी निर्माण केलेल्या टेस्टोस्टेरोनाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनात रूपांतर होते व त्याच्या प्रभावाने सु. दहाव्या आठवड्यापासून मूत्रमार्गाच्या अस्तरातून भोवतालच्या ऊतकात अंकुर फुटू लागतात. या अंकुरांपासूनच ग्रंथी तयार होते. म्हणजे प्रथम ग्रंथी व नंतर तिच्यातून जाणारा मार्ग असा क्रम नसून मार्गाच्याच भित्तीतून ग्रंथी उगवते.

लघुकोश हा गर्भात स्त्री-जननेंद्रियांचे पूर्वरूप असलेल्या नलिकांचा अवशेष होय, असे पूर्वी मानीत व त्यास ‘पुरुषातील गर्भाशय’ असेही म्हणत. त्याच्या निर्मितीत मूत्रजनन कोटराचाही वाटा असतो, असे नंतरच्या अभ्यासांवरून दिसते. स्त्रीचा संपूर्ण मूत्रमार्ग हा पुरुषाच्या मूत्रमार्गातील शुक्र-उंचवट्यापर्यंतच्या भागाशी समजात (उत्पत्तीच्या दृष्टीने समान) आहे आणि स्त्रीच्या मूत्रमार्गालगतच्या लहान ग्रंथी अष्ठीला ग्रंथीशी समजात आहेत.

कार्य : मूत्रविसर्जनाच्या वेळी मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो व त्याच वेळी त्याची ग्रीवा, अष्ठीला मूत्रमार्ग आणि बाह्यपरिसंकोची शिथिल होतात. लघवी अडविण्याची इच्छा झाल्यास बाह्यपरिसंकोची आवळला जातो.

वीर्यस्खलनाच्या वेळी क्रम निराळा असतो. प्रथम रेतोवाहिन्या, शुक्राशय व अष्ठीला ग्रंथी यांचे स्राव अष्ठीला मूत्रमार्गात ओतले जातात. या वेळी अनुकंपी तंत्रिकांमुळे अंतःपरिसंकोची घट्ट मिटलेला असतो. त्यानंतर बाह्यपरिसंकोची शिथिल होऊन श्रोणीच्या तळाचे स्नायू लयबद्धपणे आकुंचन पावतात व वीर्य पुढे फेकले जाते. वरचे दार बंद असल्यामुळे वीर्य मूत्राशयात जात नाही आणि मूत्रही वीर्यात मिसळत नाही. मधुमेहामुळे तंत्रिका दुर्बल झाल्यास, काही औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने हे दार निकामी झाल्यास वीर्य उलट मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीस अपाय होत नाही. परंतु अपत्यप्राप्तीत अडचण येते. अशा वेळी स्खलनानंतरच्या मूत्रात शुक्राणू आढळल्यास निदान निश्चित होते.

सौम्य अतिवृद्धी : वयाच्या चाळिशीनंतर संक्रमणी विभागात व मूत्रमार्गालगतच्या लहान ग्रंथींत गाठी उत्पन्न होऊ लागतात. ही वाढ कर्करोगाची नसते व तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास साठीच्या आतबाहेर असलेल्या सु. निम्म्या पुरुषांत व ऐंशीच्या पुढे बहुसंख्य पुरुषांत ती आढळते. सर्वांनाच तिचा त्रास होतो असे नाही.

वाढलेल्या गाठी मूत्रमार्गास दोन्ही बाजूंनी दाबतात. त्यामुळे चंद्रकोरीसारखी पोकळी उभ्या चिरेसारखी होते आणि अष्ठीला मूत्रमार्ग लांबतो. कधी मधला भाग वर वाढून मूत्राशयात शिरतो व झडपेप्रमाणे त्याचे तोंड झाकतो. त्रासाची तीव्रता ग्रंथीच्या आकारमानाच्या प्रमाणात असतेच असे नाही. मूत्रमार्गाच्या लगतची लहानशी गाठही मोठा अडथळा करते, तर बाहेरच्या बाजूस वाढलेली मोठी ग्रंथी फारसा त्रास देत नाही. शिवाय अडथळ्याचा एक भाग गाठींच्या दाबाचा, तर दुसरा भाग ग्रंथीतील व ग्रीवेतील अरेखित स्नायूंच्या ताणाचा असतो. सर्दीपडशावरील काही औषधांतील अनुकंपी उत्तेजक द्रव्यांनी हा ताण वाढतो. त्यामुळे बेताचा त्रास असलेल्या वृद्धाची लघवी अशा औषधाने एकाएकी पूर्ण बंद होऊ शकते.

धार बारीक होणे, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, शेवटी थेंब थेंब पडणे, मूत्राशय पूर्ण रिकामा न झाल्याची भावना व रात्री वारंवार उठावे लागणे ही नेहमीची लक्षणे होत. मूत्राच्या प्रवाहाचा वेग मोजता येतो. महत्तम वेग सेकंदास १५ मिलि.पेक्षा जास्त असणे सामान्य समजतात व तो १० मिलि.पेक्षा कमी असल्यास अडथळ्याचा संशय येतो. ‘वय झाले की असे चालायचेच’ या समजुतीने पुष्कळ लोक ही लक्षणे अंगावर काढतात. त्यातील धोका दिसत नाही तो असा : अडथळ्यावर मात करण्यासाठी मूत्राशयाची भित्ती प्रथम जाड होते, मग तिच्यात खळगे व पिशव्या पडतात. शिल्लक राहणाऱ्या मूत्रात जंतुसंसर्ग होतो व खडे बनतात. पुढे मूत्राशयातील दाब मूत्रवाहिन्यांमार्फत वृक्कांपर्यंत (मूत्रपिंडांपर्यंत) पोहोचून ती फुगतात व त्यांचे कार्य मंदावते. ही अवस्था कित्येकदा वेदनेशिवाय येते. म्हणून लघवीची धार बदलली असल्यास वैद्याकडून तपासून घेणे इष्ट ठरते.

उपचारांत अनुकंपी ग्राहींना (उत्तेजन स्वीकारणाऱ्या कोशिकांवरील जागांना) रोधून स्नायूंचा ताण कमी करणारी औषधे काही दिवसांतच गुण देतात. डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाची निर्मिती रोखणारी औषधे ग्रंथीचे आकारमान घटवितात. त्यांचा परिणाम दिसण्यास मात्र काही महिने लागतात. यांपैकी फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मान्य झाले.

पश्च मूत्रमार्गातील झडपा : हा जन्मजात विकार केवळ मुलग्यांत आढळतो. शुक्र-उंचवट्याच्या खालच्या टोकापासून श्लेष्मकलेच्या पातळ घड्या निघून पुढच्या भित्तीस चिकटतात व मूत्राच्या प्रवाहाने शिडासारख्या फुगून वाट अडवितात. ह्यू हॅम्प्टन यंग व त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये त्यांचे वर्गीकरण केले. सु. ५ ते ८ हजार मुलग्यांमागे एकास हा विकार होतो. गर्भातच मूत्र अडल्यामुळे मूत्राशय व वृक्के जन्मापूर्वीच बिघडू लागतात. गर्भजल मुख्यतः गर्भाच्या मूत्राचे असल्यामुळे ते कमी पडते व फुप्फुसांची वाढही खुंटते. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या (सोनोग्राफीच्या) तपासणीत गर्भाचा मूत्राशय व वरचा मूत्रमार्ग फुगलेला दिसल्यास जन्मापूर्वीच संशय घेता येतो. नवजात मुलग्याची लघवी धारेने न पडता थेंब थेंब पडत असल्यास किंवा त्याचे ओटीपोट फुगलेले असल्यास विलंब करू नये. अंतर्दर्शकातून (पोकळीत घालून आत पाहण्याच्या उपकरणातून) या घड्या छेदल्या की वाट मोकळी होते. मात्र वृक्कांचे व मूत्राशयाचे आधीच झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. त्यामुळे अशा मुलांची पुढे अनेक वर्षे देखरेख करावी लागते.

इतर विकार : मूत्रमार्गातील जंतू ग्रंथीच्या नलिकांत शिरून अष्ठीलाशोथ (ग्रंथीची दाहयुक्त सूज) होतो. परिघीय विभागाच्या नलिका मूत्रमार्गात जवळजवळ आडव्या उघडत असल्यामुळे त्यांचा निचरा नीट होत नाही व तेथे संसर्ग रेंगाळतो. परिघीय विभागातील कर्करोग मूत्रमार्गापासून दूर असल्यामुळे बराच काळ लघवीच्या तक्रारी उत्पन्न करीत नाही. म्हणून लघवी सुरळीत असणे हा कर्करोग नसल्याचा पुरावा ठरत नाही. वाहनांच्या अपघातांत श्रोणीची हाडे मोडल्यास मूत्रमार्ग बहुधा ग्रंथीच्या अग्राखालील कलामय भागात फाटतो. अशा वेळी मूत्रद्वाराशी रक्त दिसल्यास मूत्रमार्गात अंदाजाने नळी घालू नये, त्याने जखम वाढण्याचा संभव असतो. आधी क्ष-किरण चित्र घेणे श्रेयस्कर असते.

तपासणी : क्ष-किरणांना अपारदर्शक असा द्रव मूत्रमार्गात भरून किंवा मूत्राशयात भरून लघवी करतेवेळी घेतलेल्या चित्रांत अष्ठीला मूत्रमार्गाची रुंदी, वळण व अडथळा दिसतो, शुक्र-उंचवटा तेथे द्रवाने न भरलेल्या ठिपक्यासारखा ओळखू येतो. माक्सिमिलीआन नित्से यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस मूत्राशयदर्शक तयार केल्यापासून हा भाग जिवंत माणसात प्रत्यक्ष पाहता येऊ लागला. गुदांत्रातून केलेली श्राव्यातीत तपासणी व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) यांनी ग्रंथीचे विभाग वेगवेगळे दाखविता येतात.

शस्त्रक्रिया : वाढलेल्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा भारताशी संबंध आहे. सर पीटर फ्रायर हे आयरिश शल्यचिकित्सक १८७५ पासून सु. २० वर्षे भारतीय वैद्यकीय सेवेत होते व उत्तर भारतात मूत्राशयातील खड्यांवरील शस्त्रक्रियांचा मोठा अनुभव त्यांनी मिळविला. निवृत्तीनंतर लंडनमध्ये त्यांनी १ डिसेंबर १९०० रोजी मूत्राशय उघडून बोटाने गाठी सोलून काढण्याची शस्त्रक्रिया केली व १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी त्यापूर्वीच अशी शस्त्रक्रिया केलेली असल्यामुळे अग्रहक्काबद्दल वाद झाला. परंतु तिचा प्रसार फ्रायर यांच्यामुळे झाला. टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये मूत्राशय न उघडता जघनास्थींच्या मागून थेट ग्रंथीवर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पोट न उघडता मूत्रमार्गातूनच गाठी काढण्याचा प्रयत्न यंग यांनी १९०९ मध्ये केला. माक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये विद्युत्‌ प्रवाहाने तापणाऱ्या तारेच्या फाशाचे उपकरण बनविले व जोसेफ मॅकार्थी यांनी त्यात सुधारणा केल्या. या पद्धतीत शल्यचिकित्सक अंतर्दर्शकातून पाहत ऊतकाचे तुकडे कापून काढतो. त्याचे मुख्य दिशादर्शक चिन्ह म्हणजे शुक्र-उंचवटा. गाठी काढताना अंतःपरिसंकोची बहुधा नष्ट होतो; त्यानंतर लघवी धरून ठेवण्याचे काम एकट्या बाह्यपरिसंकोचीवर राहते. तो शुक्र-उंचवट्याच्या खालीच असल्यामुळे या उंचवट्याच्या पलीकडे छेद जाऊ देत नाहीत. ही मर्यादा ओलांडली गेल्यास रुग्णाला कायमची मूत्र-असंयती (लघवी आपोआप गळणे) होण्याचा धोका असतो. अंतःपरिसंकोची गेल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांत वीर्य उलट मूत्राशयात जाते. याची कल्पना त्यांना आधी देणे आवश्यक असते. १९९० च्या दशकापासून होल्मियम लेसरने संपूर्ण गाठी सोलून काढण्याची पद्धत प्रचारात आली असून मोठ्या ग्रंथींनाही ती उपयोगी पडते. शुक्र-उंचवट्याभोवतीचे ऊतक राखून स्खलन टिकविण्याचे प्रकारही विकसित झाले आहेत.

या सर्व पद्धतींची साधने भिन्न असली, तरी त्यांचा आधार एकच आहे. मूत्रमार्गातील मोकळी वाट, तिच्या वरचे व खालचे परिसंकोची आणि या दोहोंमधील लहानसा शुक्र-उंचवटा यांचे परस्परसंबंध अचूक माहीत असतील, तरच अडथळा दूर करताना लघवीवरील ताबा शाबूत राखता येतो.